तू माझ्यासाठी घेतलेली शपथ

कासम, तुझ्या मयतीला मी आलो होतो. हे तुला कोणी सांगणार नाही, कारण मला कोणी पाहिलं नाही. तशी खबरदारीच मी घेतली होती. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर चिंचेखाली छत्री उघडून मी असा उभा राहिलो, की जणू ठाण्याहून कोणी यायचं आहे आणि मी त्याची वाट बघतो आहे. आमच्या आळीतला एक जण रस्त्याने जाताना थांबला. "काय विनायकराव, इथे कुठे?" मी म्हटलं, "काही नाही, असाच." चाळीस वर्षांच्या दोस्तीबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आत सगळे नमाजाला ओळीने उभे राहिले तेव्हा तुझा युसुफ पुढे झाला. आवाज बापाचाच आहे पोराचा, भिंतीवरून स्वच्छ ऐकू आला. म्हणाला, "अब्बांकडं कुणाचं काय राहिलं असंल तर मला सांगा. ते कुणाला टाकून बोलले असतील, कुणाशी खोटं बोलले असतील, तर माफ करा." सगळे म्हणाले, माफ केलं. माझे ओठ हललेसुद्धा नाहीत. तू शपथेवर आयुष्यात एकदाच खोटं बोललास, आणि ते माझ्यासाठी बोललास. त्याबद्दल तुला माफ करणारा मी कोण? माफी मी मागायची. ती मागायला भिंतीच्या आत यावं लागलं असतं, आणि मी बाहेर छत्रीचा दांडा धरून उभा होतो.

आज पाचवा दिवस. जन्मभर कारकुनी केली, कागद पुढे ओढल्याशिवाय मला काही सुचत नाही. तू म्हणायचासच, "विनू, तुला शिंक आली तरी आदी अर्ज लिहिशील." तेव्हा हा अर्जच समज. कोणाच्या कचेरीत द्यायचा ते मात्र मला ठाऊक नाही.

मला पोहायला तू शिकवलंस. तुझ्या वडिलांचा मचवा कल्याणच्या खाडीतून भात घेऊन मुंबईला जायचा, आणि तो धक्क्याला लागला की आपण दोघे त्यावरून उड्या मारायचो. घरी आलो की आई मला विहिरीवरच उभा करायची आणि डोक्यावरून पाणी ओतायची. तोवर घरात पाऊल टाकायचं नाही. तू कुंपणापलीकडून ओरडायचास, "काकी, अजून एक घागर घाला, माजा वास गेला नाय!" आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची. तेव्हा ते सगळं हसण्यावारी जात होतं, आणि ते तसंच जात राहील असं मला वाटत होतं.

पुढे तू एडनला गेलास, आगबोटींना कोळसा भरतात त्या धक्क्यावर मुकादम झालास. काही वर्षांनी माझ्या साहेबाने मला विचारलं, तिथल्या कचेरीत जागा आहे, जाशील का? मी लगेच हो म्हणालो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी! माझ्या बायकोला तेव्हा चौथा महिना होता. आई आठ दिवस जेवली नाही. समुद्र ओलांडून गेलेला परत जातीत कसा येणार, हाच तिचा घोष. मी म्हणायचो, "कासम आहे तिथे." ती म्हणायची, "कासम पोटाला घालील रे. पण परत आल्यावर पानाला कोण घेईल?" आई शहाणी होती, पण तेव्हा मी तिला अडाणी म्हणालो.

आगबोटीवर सात दिवस आम्ही घरचे पोहे आणि लाडू खाल्ले, घरून नेलेल्या पिंपातलं पाणी प्यायलो. आठव्या दिवशी ते काळे उघडे डोंगर दिसले. झाड नाही, गवताची काडी नाही. ही कठड्याला धरून रडायला लागली. आणि धक्क्यावर तू, नखशिखान्त कोळशाने माखलेला, फक्त दात पांढरे. म्हणालास, "वहिनी, कल्याणची लेक येणार म्हणून बंदर सारवून ठेवणार होतो, पन शेण मिळालं नाय." आठ दिवसांत ही पहिल्यांदा हसली.

घर तू पाहून ठेवलं होतंस, चुना लावून घेतला होतास. तिथल्या रेतीची चूल टिकत नाही म्हणून कल्याणहून येणाऱ्या गलबतावर टोपलीभर माती मागवून ठेवली होतीस. वाण्याचं दुकान दाखवलंस, कुठल्या वाऱ्याला दारं लावायची ते सांगितलंस, आणि स्वतः मात्र उंबऱ्याबाहेर उभा राहिलास. आमचं सोवळं आमच्यापेक्षा तूच जास्त सांभाळलंस. तिथे प्यायचं पाणी उंटावरून चामड्याच्या पखालीतून यायचं, ब्राह्मण असो नाहीतर बादशहा. पहिल्या दिवशी पखाल बघून माझा चेहरा पडला. तू म्हणालास, "पखालीकडं बघू नको. हंड्याकडं बघ. हंडा तुजा हाय." मी हंड्याकडे बघितलं आणि पाणी प्यायलो. कशाकडे बघायचं आणि कशाकडे नाही, हे मी तिथे शिकलो, आणि ती विद्या मला पुढे फार उपयोगी पडली.

मथूचा जन्म झाला आणि नवव्या दिवशी हिला ताप भरला. दूध आटलं. शेळीचं दूध पोरीच्या पोटात ठरेना. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, दूध पाजणारी बाई शोधा, नाहीतर मूल जाईल. आमच्या जातीची बाई हजार कोसांत नव्हती. तुझी आमिना होती, आणि युसुफ तिच्या अंगावर पीत होता. हे मला सकाळीच सुचलं होतं, कासम. मी तुझ्याकडे संध्याकाळी आलो. मधला तो अख्खा दिवस मी काय करत होतो, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी शास्त्राचा विचार करत होतो. पोर आधी रडत होती, मग तिने रडणं सोडलं, तरी मी विचार करतच होतो. शेवटी ही तापात उठून बसली आणि म्हणाली, "जात तुम्ही सांभाळा. मुलगी मला हवी आहे."

तुझ्या दारात मी आलो तेव्हा मला शब्द सापडेना. तू ते ओळखलंस. "अडला हरी," एवढंच म्हणालास आणि आपला पाय पुढे केलास. मी रडता रडता हसलो. मग तू गंभीर झालास. "विनू, एक आत्ताच सांगून ठेवतो. आमच्यात दूध पाजलं की नातं लागतं. ती युसुफची भैन होईल, माजी लेक होईल. हे मागून पुसता येत नाय. चालंल तुला?" मी म्हटलं, "चालेल." त्या वेळी तू काहीही मागितलं असतंस तरी मी चालेल म्हणालो असतो. आमिनाने काही विचारलं नाही. युसुफला बाजूला केलं आणि मथूला घेतलं. वर्षभर ती दोघं तिच्या अंगावर होती. हिला बरं वाटल्यावरही मथू अर्धा दिवस तुमच्याकडेच असायची. युसुफ तुला अब्बा म्हणायचा, म्हणून तीही अब्बा म्हणायची. मला ती बाबा म्हणायची, पण जरा उशिराने म्हणायला लागली.

एक भांडण आपलं अर्धं राहिलं आहे. धक्क्यामागच्या खडकावर बसलो होतो आणि तू विचारलंस, "कल्याणला गेल्यावर काय सांगशील?" मी छाती काढून म्हणालो, खरं तेच सांगेन. भर सभेत सांगेन, की माझी मुलगी आमिनाच्या दुधावर जगली, काय करायचं ते करा. तू मान हलवलीस. "नको सांगू. पोरीला तिकडं नांदायचं हाय." मला राग आला. मी म्हटलं, तू मला भेकड समजतोस. तू म्हणालास, "भेकड नाय, गृहस्थ समजतो." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू हात जोडलेस, "बरं बाबा, सांग. ढोल वाजवून सांग." मला वाटलं मी जिंकलो. तू मला जिंकू दिलंस, एवढं तेव्हा कळलं नाही.

चार वर्षांनी आपण एकाच बोटीने परत आलो. कोळशाने तुझी छाती धरली होती, आणि माझी आई आजारी होती. कल्याणला आल्यावर आईने आम्हाला ओटीवर बसवलं आणि आपण आत राहिली. वडिलांच्या श्राद्धाला भटजी येईना. धाकट्या भावाचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेताला आलं. शेवटी पंच म्हणाले, अन्नपाण्याचा दोष नसेल तर समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त देऊन मोकळं करू. दोष असेल तर मग बोलणंच खुंटलं. आमचं तिथलं राहणं पाहिलेला कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं. आणि तुझं नाव मीच सांगितलं, कासम. कोणी ओढून काढलं नाही माझ्या तोंडातून.

आदल्या दिवशी मी तुझ्याकडे आलो आणि बसून राहिलो. खडकावरची माझी ती छाती कुठे गेली होती कोण जाणे. तू बराच वेळ वाट बघितलीस, मग म्हणालास, "उद्या कुटं उभा राहू, तेवडं सांग." एवढंच. मला एक वाक्यसुद्धा बोलावं लागलं नाही.

देवळाच्या सभामंडपात पंच बसले होते. तू अंगणाच्या कडेला, फरशीच्या बाहेर, उन्हात. मथू हिच्या मांडीवर होती. दहा दिवसांत तिने तुला पाहिलं नव्हतं. पाहिलं मात्र, आणि ती सुटलीच. "अब्बा! अब्बा!" करत हात पसरून फरशीवरून धावली. सगळ्या माना वळल्या. आणि तू एक पाऊल मागे सरकलास. दोन्ही हात पाठीमागे घेतलेस. पोर जिथल्या तिथे थांबली. रडली नाही. तुझ्याकडे बघत उभी राहिली.

भाऊशास्त्री आमच्या पंचांमध्ये मोठे. त्यांनी विचारलं, "हे लेकरू तुला काय म्हणालं?"

"माज्या पोरांसंगत खेळायची, महाराज. त्यांचं ऐकून बोलते."

"कुठे खेळायची?"

"अंगणात."

"अंगणातच? घरात नाही? तुझ्या घरचं काही तिच्या पोटात गेलं नाही?"

तू डोक्यावरची टोपी सारखी केलीस. भाऊशास्त्री म्हणाले, "तुमच्या धर्माची शपथ घेऊन सांग." तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी अजूनही थांबवू शकत होतो. उठून एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी फरशीकडे बघितलं. आणि तू, ज्याने धक्क्यावर कोळशाची एक टोपली कधी खोटी सांगितली नाही, तू म्हणालास, "अल्लाला हाजीर ठेवून सांगतो. माज्या घरचा दाणा का थेंब या पोरीच्या पोटात गेला नाय."

मग माझं मुंडण झालं. पंचगव्य आलं. मी घेतलं, हिने घेतलं. मथू घेईना, थुंकायला लागली, तेव्हा मी तिचं नाक दाबून तिला ते गिळायला लावलं. पंचांना वाटलं, समुद्राचा दोष धुतला जातो आहे. मी काय धुवायला निघालो होतो ते मला ठाऊक होतं. ज्या दुधाने ती जगली ते मी तिच्या पोटातून धुवायला निघालो होतो. तू तेव्हा अंगणात नव्हतास. तुझं काम झालं होतं, तू निघून गेला होतास. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्या लोकांनी माझ्यासारखी माणसं बघूनच केली असणार.

पुढची पंधरा वर्षं आपण एकाच गावात राहिलो, अर्ध्या कोसावर. मी तुझ्याकडे गेलो असतो तर लोकांना शंका आली असती, असं मी स्वतःला सांगायचो. आधी भावाच्या लग्नापर्यंत, मग आई असेपर्यंत, मग मथूच्या लग्नापर्यंत. सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत, सरकारी नोकरीत होतो ना. तळ्याच्या वाटेवर तू समोरून आलास की तूच आधी वळायचास, मला वळायला लागू नये म्हणून. त्याबद्दल मला तुझे उपकार वाटायचे. बघ, कुठवर गेलो होतो मी.

मथूची वरात तुमच्या मोहल्ल्यापुढून जायची होती. मी ती दुसऱ्या रस्त्याने नेली. वाजंत्रीवाले म्हणाले, हा फेरा लांबचा आहे. मी म्हटलं, शुभकार्यात जवळचं लांबचं बघत नाहीत. पुढे कळलं, आमिना तुझ्या ओट्यावर उभी होती, सकाळपासून. दुसऱ्या दिवशी फळवाल्याच्या हाती एक नारळ आला, नाव न सांगता. न सोललेला, न फोडलेला, कोणाच्याही हातचा चालेल असा. असा विचार करून नारळ पाठवणारा माणूस या गावात एकच होता. मी तो देवापुढे ठेवला. मांडवपरतणीला मथू आली तेव्हा तिने विचारलं, कोणी दिला? मी म्हटलं, आहेत एक ओळखीचे.

ही माझ्याशी त्यावर कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पण तू गेल्याचं तिने पाणवठ्यावर ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पायात वहाणा घालून, आळीतल्या सगळ्या ओट्यांसमोरून ती तुमच्या घरी गेली. मला विचारलं नाही. दोन घटकांनी परत आली, विहिरीवर न जाता थेट आत आली, आणि माझ्यासमोर बसली.

आमिनाला आता चार महिने दहा दिवस घराबाहेर पडता येणार नाही, परक्या पुरुषापुढे येता येणार नाही. म्हणून तिने निरोप दिला होता. म्हणाली, "विनूभावजींना सांगा, त्या शपथेचं ओझं मनावर घेऊ नका. ते युसुफच्या अब्बांनी फेडलं होतं. खोट्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून आमच्यात दहा गरिबांना जेवू घालतात, ते नसेल जमत तर तीन रोजे धरतात. देवळातून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीन दिवस रोजे धरले. खोकला इतका होता, तरी दिवसा पाण्याचा घोट घेतला नाही. मी विचारलं, हे कसले रोजे? तर म्हणाले, विनूचं काम केलं त्याचे."

ऐकलंस का कासम? एकाच आठवड्यात गावात दोन प्रायश्चित्तं झाली. जे पाप नव्हतं त्याचं मी घेतलं, वाजत गाजत, पंचांच्या पंक्ती उठवून. आणि जे पाप होतं ते माझं, त्याचं तू घेतलंस, घरात बसून, कोणाला न सांगता. मला वाटत होतं, तू ते विसरला असशील. मी तर तसं धरूनच चाललो होतो.

"अजून एक आहे," ही म्हणाली. "शेवटच्या दिवशी आमिनापाशी म्हणाले, शपथेचं मी फेडलं. पन पोर हात पसरून आली नि मी मागं सरकलो, त्याचं काय करू? तिला काय वाटलं असंल? पंधरा वर्षं हेच विचारत होते म्हणे. मथूला सांगा म्हणून कधी म्हणाले नाहीत. विनूला विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाय, असं बजावलं होतं." मग ती उठली. "मथू घरात आहे. आता तुम्ही सांगता की मी सांगू?"

मथू बाळंतपणाला आली आहे, बाळाला आज विसावा दिवस. तिच्या ठाण्याच्या सासरी सोवळ्याचा इतका धाक, की आमच्याकडचा फराळसुद्धा ते गाईला घालतात. ही सबब माझ्याकडे होती, आणि या वेळी ती अगदीच खोटी नव्हती. हे तिच्या सासूच्या कानावर गेलं तर थोरल्या आणि तान्ह्या, दोन्ही लेकरांसकट ती उद्या माझ्या दारात येईल. मी हिला तसं म्हटलंही. ही म्हणाली, "तुम्ही तिच्या सासूला सांगू नका. तिला सांगा."

मी बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. चूल, पखाल, ताप, मी वाया घालवलेला तो दिवस, आमिना, शपथ, पंचगव्य, वरातीचा रस्ता. काही लपवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बहुधा. बाळ अंगावर पीत होतं, मथू त्याच्याकडे बघत होती.

मग म्हणाली, "म्हणजे ते हे होते."

"कोण?"

"मला एक आठवतं बाबा, अगदी लहानपणचं. ऊन होतं, खूप माणसं बसली होती. मी कुणाकडे तरी धावत गेले आणि तो माणूस मागे सरकला. चेहरा आठवत नाही. पण फार माया वाटली होती, म्हणून तर धावले. आणि मग तोंडात काहीतरी घाण, कोणीतरी नाक दाबलेलं. मी आईला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं असणार. सासरी पहिल्या पहिल्यांदा कोणी शिवू नको म्हणून मागे सरकलं, की मला तेच आठवायचं. वाटायचं, माझ्यात काहीतरी आहेच तसं."

मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं."

"आणि त्यांचं?"

"त्यांचंही नाही."

तिसऱ्या माणसाबद्दल तिने विचारलं नाही. मान वर करून नुसतं माझ्याकडे बघितलं. ती चार वर्षांची असताना तुझ्याकडे जशी बघत उभी होती तशीच, पण आता ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "माझं चुकलं, मथू." तिने मान हलवली, पण त्यात माफी होती की नुसतं ऐकल्याचं होतं, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. बाळाने दूध सोडलं होतं. तिने त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

मी उठलो. तेव्हा ती मागून म्हणाली, "मी त्यांच्यावर रागावले नव्हते, बाबा. एकदाही नाही. मी फक्त वाट बघत होते, की ते परत पुढे येतील. हे त्यांना कोणी सांगितलं होतं का?"

नव्हतं सांगितलं, कासम. तू पंधरा वर्षं अर्ध्या कोसावर होतास, हेच विचारत होतास, आणि तिला विचारून येऊन तुला सांगणारा गावात मी एकटाच होतो.